वर न्याल हो, पण मला निघायचं असेल तेव्हा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी अपघातात कमरेच्या मणक्याला इजा झाली, तेव्हापासून त्या व्हीलचेअर वापरतात. नोकरी करतात, घरातलं स्वतःचं सगळं स्वतः करतात. तीन महिन्यांनी त्यांच्या लाडक्या भाचीचं लग्न आहे. हॉल ठरलाय. दाराशी सात पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, लिफ्ट नाही. भाऊ म्हणतो, "चार पोरं उभी करतो, तुला फुलासारखी उचलून नेतील."

दोन वर्षांपूर्वी घरातल्याच एका समारंभात त्यांना असंच उचललं होतं. एकाचा हात सटकला, खुर्ची तिरपी झाली, कपडे गुडघ्याच्या वर सरकले आणि सगळे बघत राहिले. तिथल्या बाथरूममध्ये खुर्ची जात नव्हती, हे आधीच माहीत असल्यामुळे त्यांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. दोन तासांनी घरी जावंसं वाटलं, पण ती चार पोरं पांगली होती. मग आणखी चार तास त्या एका भिंतीशी बसून राहिल्या. यातलं घरी कुणालाही त्यांनी सांगितलेलं नाही.

"आता नाही म्हटलं तर भाची दुखावेल. दादा म्हणेल, एवढं करतो तरी हिचं नाहीच. मी कृतघ्न आहे का? की तब्येतीचं कारण सांगून सरळ घरी बसू?" असं त्यांनी विचारलंय.

उत्तर

प्रिय ताई,

नाही, तुम्ही कृतघ्न नाही. हे आधी लिहून टाकते, कारण ते वाचल्याशिवाय पुढचं वाचायला तुमचं मन लागणार नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी एक लेखनाची कार्यशाळा घेतली होती, दुसऱ्या मजल्यावर. नाव नोंदवायला एका गृहस्थांचा फोन आला. ते व्हीलचेअर वापरायचे. मी अगदी मनापासून म्हटलं, "काही काळजी करू नका, आमची मुलं आहेत, उचलून आणतील." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वर न्याल हो, पण मला निघायचं असेल तेव्हा?" मला उत्तर सुचेना. मी वर नेण्यापुरताच विचार केला होता. मधेच त्यांना बाहेर मोकळ्या हवेत जावंसं वाटेल, फोन घ्यायचा असेल, कंटाळा येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी तळमजल्यावरची एक खोली मिळाली. त्यात जुनी टेबलं रचून ठेवली होती, ती हलवायला अर्धा तास लागला. तेवढंच काम होतं, आणि ते मला आधी सुचलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचताना मी त्या चार तासांपाशी अडकले. हात सटकला तो क्षण भयंकर होताच, पण तो एक क्षण होता. त्यानंतरचे चार तास तुमच्या मालकीचे नव्हते. एखाद्या जागी आपण खरोखर येऊ शकतो की नाही, हे आत शिरण्यापेक्षा बाहेर पडण्यावरून जास्त कळतं असं मला त्या फोननंतर वाटायला लागलं. इतर पाहुणे दहा वेळा आत-बाहेर करतात, कुणाला विचारत नाहीत. तुम्हाला मात्र घरी जाण्यासाठी चार माणसं शोधावी लागतात, त्यांना जेवणावरून उठवावं लागतं, आणि वर आभार मानावे लागतात. मग माणूस "राहू दे" म्हणतो आणि भिंतीशी बसून राहतो. हा तुमचा हेकटपणा नाही, ताई.

हे वाटणारं माणूस जगात तुम्ही एकटंच नाही. अमेरिकेत रॉन मेस नावाचे वास्तुविशारद होऊन गेले. लहानपणी पोलिओ झाला आणि ते व्हीलचेअर वापरू लागले. नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठात वास्तुकला शिकताना त्यांना वर्गात जायला जिन्यावरून उचलून न्यावं लागे आणि बाथरूमच्या दारातून त्यांची खुर्ची जात नसे. १९६६ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे 'युनिव्हर्सल डिझाइन' ही कल्पना त्यांनी मांडली. इमारत मुळातच अशी बांधायची की शक्य तितक्या सगळ्यांना ती वापरता यावी, नंतर कुणासाठी वेगळी डागडुजी करावी लागू नये. १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सात तत्त्वं लिहून काढली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या माणसाला उचलून वर्गात नेलं, त्याने शिकून पुढे पायऱ्यांनाच प्रश्न विचारला.

दुसरं उदाहरण तुमच्या आणखी जवळचं आहे. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात जॉर्ज लेन नावाच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला एका खटल्यात कोर्टात हजर राहायचं होतं. कोर्टाची खोली वरच्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या तारखेला ते जिन्यावरून अक्षरशः सरपटत वर गेले. दुसऱ्या तारखेला त्यांनी सरपटायलाही नकार दिला आणि उचलून घ्यायलाही. गैरहजर राहिल्याबद्दल त्यांना अटक झाली. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की अपंग नागरिकांना कोर्टात प्रवेश मिळत नसेल तर ते राज्य सरकारवर दावा लावू शकतात. तुमच्या घरचं लग्न म्हणजे कोर्ट नव्हे आणि तुमचा दादा म्हणजे सरकार नव्हे, हे मला कळतं. पण "मला उचलू नका" या वाक्यात नाटक नसतं, एवढं मात्र यावरून दिसतं.

आता थोडं तुमच्याही बाजूचं तपासू या.

तुम्ही पत्रात दोनच वाटा ठेवल्या आहेत. एक, पोरांच्या हातांवर जाणं. दुसरी, तब्येतीचं खोटं कारण सांगून घरी बसणं. या दोन्हींमध्ये सात पायऱ्या तशाच राहतात. तुमच्या घरात सगळे त्या पायऱ्यांकडे डोंगरासारखं बघताहेत, जणू त्या तिथे असणारच. त्या कुणीतरी बांधल्यात, आणि तो हॉल तुमच्या घरच्यांनी निवडलाय. तीन महिने हातात आहेत.

आणि दुसरं, जे लिहिताना मी जरा चाचरतेय. तुम्ही दादाला काहीच सांगितलेलं नाही. पाणी न पिण्याचं नाही, कपड्यांचं नाही, त्या चार तासांचं नाही. त्याच्या आठवणीत तो दिवस कसा असेल? "बहिणीला उचलून नेलं, ती आली, सगळे होते, छान झालं." म्हणून तो याही वेळी तेच करायला निघालाय, आणि तेही आनंदाने. तुम्ही गप्प राहिलात कारण तक्रार केली तर ओझं वाटू असं तुम्हाला वाटलं. ते स्वाभाविक आहे. पण त्या गप्प बसण्यामुळे त्याला बदलण्याची संधीच मिळाली नाही. तब्येतीचं कारण सांगितलंत तर याही वेळी मिळणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक समारंभाला तुमची तब्येत बिघडवावी लागेल.

तेव्हा आधी बोला. समोरासमोर जड जात असेल तर मेसेज लिहा. उदाहरणादाखल मी लिहून देते, शब्द तुमचे घाला:

"दादा, मला लग्नाला यायचंच आहे. पण मागच्या वेळी मला उचललं त्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, कारण बाथरूमला जाता येणार नव्हतं. खुर्ची तिरपी झाली तेव्हा कपडे वर गेले, त्याचं मला फार लागलं. मला लवकर घरी जायचं होतं आणि न्यायला कुणी नव्हतं. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं हे मला माहीत आहे, मीच बोलले नाही. या वेळी मला माझ्या चाकांवर आत यायचंय आणि माझ्या मनाने बाहेर पडायचंय. आपण दोघं एकदा जाऊन हॉल बघू या का?"

शेवटचं वाक्य वगळू नका. नुसतं दुःख सांगितलं की माणूस ओशाळतो आणि बचाव करू लागतो. हातात काम दिलं की तो कामाला लागतो.

हॉल बघायला खरंच जा, आणि स्वतः जा. फोनवर विचारलं तर "हो, सोय आहे" किंवा "फक्त एकच पायरी आहे" असं उत्तर मिळतं. चालणाऱ्या माणसाला दोन-तीन पायऱ्या आठवतच नाहीत, तो खोटं बोलत नसतो. जाणं अगदीच अशक्य असेल तर फोटो मागवा, दारासमोरची जमीन दिसेल असे. पुढच्या दाराला पायऱ्या असल्या तरी सामान आत नेण्याचं मागचं दार बऱ्याच ठिकाणी जमिनीलगत असतं, कारण जड ढकलगाड्या तिथूनच आत जातात. मागच्या दाराने जाणं काहींना अपमानाचं वाटतं, तेही बरोबर आहे. तुम्हाला कसं वाटतं ते तुम्ही ठरवा. पण ते दार निवडलंत तर दादाला सांगा, की तिथेही दिवे हवेत, खोकी हटवलेली हवीत आणि स्वागताला माणूस हवा.

रॅम्पचं गणित साधं आहे. सर्वसाधारण मान्य प्रमाण १:१२ चं, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. एक पायरी साधारण १५ सेंटीमीटर धरली तर सात पायऱ्यांची उंची १०५ सेंटीमीटर होते, आणि रॅम्प १२ मीटर ६० सेंटीमीटर लांब लागतो. शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. एवढा मोठा तात्पुरता रॅम्प सहसा बसत नाही. म्हणून कुणी उत्साहाने "फळी टाकतो" म्हणालं तर ठाम नाही म्हणा. सात पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे घसरगुंडी, तिच्यावर खुर्ची मागे उलटते. पण एका पायरीला १ मीटर ८० सेंटीमीटर पुरतात, आणि तेवढा हलका घडीचा रॅम्प वापरता येतो. त्यामुळे दुसरं दार एक-दोन पायऱ्यांचं निघालं तर प्रश्न बहुतेक सुटलाच.

दारं मोजताना चौकट मोजू नका. दार काटकोनात उघडा, आणि पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोकळी जागा किती उरते ते बघा. ८० सेंटीमीटर असेल तर बहुतेक खुर्च्या जातात, ९० असेल तर हात न खरचटता जातात. तुमची स्वतःची खुर्चीही मोजून ठेवा, चाक हाताने फिरवायच्या एका बाजूच्या कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत. हा आकडा पाठ असला की अर्धे वाद होत नाहीत. आत गोल वळायला दीड मीटरचा मोकळा घेर लागतो. बाथरूमचं दार आतल्या बाजूला उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही, हे फार जणांच्या उशिरा लक्षात येतं.

आता हॉलच्या आतलं, कारण पायऱ्या संपल्या म्हणजे झालं असं नसतं. जाड मऊ गालिचा अंथरला की पुढची छोटी चाकं रुततात आणि दर ढकलण्याला बराच जास्त जोर लागतो. खांदे तुमचे आहेत, ताई, आणि आता तेच तुमचे पायही आहेत. मधली वाट तरी उघडी ठेवायला सांगा. बसण्याच्या जागी एक खुर्ची आधीच काढून ठेवायला सांगा, रांगेच्या मधे, माणसांच्यात. टोकाला किंवा भिंतीशी नको.

आणि स्टेज. याचा विचार कुणीच करत नाही आणि ऐन वेळी तेच जिव्हारी लागतं. सगळे वर जाऊन भाचीला जवळ घेतात, फोटो काढतात, आणि आत्या खालून हात हलवते. स्टेजची उंची ३० सेंटीमीटर ठेवली तर ३ मीटर ६० सेंटीमीटरचा रॅम्प लागतो, तो सजावटीत बेमालूम बसतो. स्टेजच नसलं तर त्याहून उत्तम. हे दादाला नको, थेट भाचीला सांगा. तुम्ही तिला दुखावण्याच्या भीतीने गप्प आहात, पण तिला यातलं काही माहीतच नाही. माझा अंदाज आहे की ती याबाबतीत घरातल्या सगळ्यांपेक्षा हट्टी निघेल.

हॉलमधून काहीच निघालं नाही तर? मग "हॉल बदलता येईल का" हे विचारायला लाजू नका. उत्तर "नाही" येऊ शकतं, पैसे भरलेले असतील. पण विचारल्यानंतरचं नाही आणि न विचारता गृहीत धरलेलं नाही, यात फरक आहे.

आणि सगळं करून शेवटी उचलणंच उरलं, आणि भाचीसाठी ते तुम्ही स्वतः होऊन पत्करलंत, तर त्यात कमीपणा नाही. फक्त ते तुमच्या अटींवर होऊ द्या. अंगाला धरून उचलू देऊ नका. काखेत हात घालून उचललं की खांदा दुखावतो, आणि जिथे संवेदना नाही तिथली कातडी घासली तरी कळत नाही. तुम्ही पट्टा लावून खुर्चीतच बसा. खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करा. सगळ्यात ताकदीचा आणि शांत माणूस मागे, ढकलायच्या मुठींपाशी. त्या मुठींची रबरं सैल नाहीत ना, आधी ओढून बघा. दुसरा माणूस पुढे, खालच्या पायरीवर, खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला धरून. हात टेकायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या निघू शकतात, म्हणून त्यांना कुणी हात लावायचा नाही. मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं असतील तर ती काढून ठेवा. खुर्ची मागे कलवून मोठी चाकं एकेका पायरीवर ओढत चढवायची. उतरतानाही कल मागेच, मागचा माणूस वरच्या पायरीवर, पुढचा खालच्या. "उचला" आणि "थांबा" हे फक्त तुम्ही म्हणणार. आदल्या दिवशी एकदा करून बघा. गुडघ्यावर एक शाल खोचून घ्या. त्या दोघांचे फोन नंबर तुमच्याकडे हवेत, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा: मी फोन केला की पाच मिनिटांत या, कारण विचारू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची विजेवर चालणारी खुर्ची असेल तर ती उचलायचा विचारही करू नका. त्यातल्या कित्येक माणसाशिवायच १०० किलोच्या वर भरतात.

पाण्याबद्दल मला जरा कडक बोलू द्या. दिवसभर कोरडं राहणं आणि लघवी धरून ठेवणं यातून जंतुसंसर्ग होतो, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. तुमची इजा कमरेची आहे. पण ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्यात नुसतं मूत्राशय तुंबल्यामुळे रक्तदाब एकदम जिवावर बेतेल इतका चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. अशा वेळी ताठ बसवून मूत्राशय ताबडतोब रिकामं करावं लागतं, आणि रक्तदाब लगेच उतरला नाही तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणजे बाथरूमचं दार हा सोयीचा मुद्दा नाही, तब्येतीचा आहे. घरच्यांना हे याच शब्दांत सांगा. तसंच, सहा तास एका जागी बसायचं असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून बसायच्या हाडांवरचा भार हलवत राहा. समारंभात लोक बोलायला येतात आणि ते राहून जातं. फोनवर थरथरणारा गजर लावून ठेवा.

आणि न जाणं? तीही तुमचीच मुभा आहे. सगळं विचारून झालं, कुणी काही हलवलं नाही, आणि तुमचं मन म्हणालं नको, तर जाऊ नका. पण तब्येतीवर ढकलू नका. "पायऱ्यांमुळे मी आले नाही" असं सांगा. भाचीला वेगळं घरी बोलवा, दिवसभर ठेवून घ्या. तिला कारण खरं कळलं तर ती दुखावेल, पण तुमच्यावर रागावणार नाही.

ज्यांच्या घरी समारंभ आहे त्या वाचकांना एवढंच सांगते, की हॉल ठरवायच्या आधी विचारा. निमंत्रण देताना "काही लागेल का?" असं मोघम विचारलं तर माणूस संकोचाने नाहीच म्हणतो. "पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, मागून सपाट आहे, बाथरूमचं दार ८५ सेंटीमीटर आहे, चालेल का?" असं विचारलं की समोरच्याला कळतं, कुणीतरी खरंच जाऊन बघितलंय. आजी-आजोबा, लहान बाळाची गाडी ढकलणारी आई, प्लास्टरमधला पाय घेऊन आलेला मित्र, सगळेच त्या सपाट दाराने येतील.

ताई, दादाला मेसेज आजच पाठवा. हॉल बघायला जाल तेव्हा मोजायची टेप तुमच्या मांडीवर असू दे, आणि मोजायला सुरुवात बाथरूमपासून करा.